हा मेसेज माझ्या फायद्याचा आहे, तरी चुकीचा आहे

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. त्यात दोन पेशंट होते आणि एक सख्खी मावशी. मजकूर थोडक्यात असा: हिरड्यांतून रक्त येतं म्हणजे शरीरात दाह आहे. रक्तातला सीआरपी तपासा. जास्त निघाला तर दातांची सफाई करून घ्या, आठवड्यात तो नॉर्मल होतो. हार्ट अटॅकचा धोका निम्मा होतो, साखर उतरते, गोळ्या सुटतात. आणि सीआरपी उतरला नाही, तर डॉक्टरने सफाई नीट केली नाही असं समजा.

मी हिरड्यांचेच उपचार करते. याहून चांगली फुकटची जाहिरात मला मिळणार नाही. पण अर्धवट खऱ्या गोष्टीवर चढवलेले हे मजले कधीतरी माझ्याच पेशंटच्या डोक्यावर कोसळणार, म्हणून एकेक उतरवते.

सुरुवात सीआरपीपासून, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनपासून. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते तयार होतं यकृतात. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्युकिन-६ सारखे निरोपे यकृताला कळवतात आणि यकृत सीआरपी सोडतं. हा दाह हिरड्यांतला असेल, घशातला, गुडघ्यातला किंवा लघवीच्या मार्गातला. पोटावरची चरबीसुद्धा हेच निरोप पाठवत असते. लांबून हलगी ऐकू आली, तरी वरात आहे की दवंडी, हे घरात बसून कळत नाही, तसंच हे. त्यामुळे सीआरपीवरून पायरिया, म्हणजे हिरड्यांचा मुरलेला आजार, ओळखायचा हा मेसेजमागचा सल्ला उलट्या टोकाचा आहे. पायरिया ओळखायला आम्ही मिलीमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून बघतो. तीन मिलीमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय का ते पाहायचं. जोडीला एक्स-रे. सुईची गरजच नाही.

रिपोर्टबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण इथे रोज गोंधळ होतो. साधा सीआरपी आणि हाय सेन्सिटिव्ह सीआरपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. हृदयाच्या धोक्यासाठी वापरतात ती दुसरी. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी २००३ पासूनची वाटणी आहे. आकडा १० च्या वर गेला तर आधी कुठे ताजा संसर्ग आहे का ते शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. शिवाय काही लॅब डेसिलिटरमागे आकडा देतात. तिथला ०.६ म्हणजे इकडचा ६. दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट उतरला!’ म्हणणारे लोक मी पाहिलेत.

आता ‘आठवड्यात नॉर्मल’. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी खोल सफाईच्या दुसऱ्याच दिवशी, कुणालाही न विचारता, सीआरपी करून घेतला. आधी ४ होता, आता ११. मोबाइल पुढे करत म्हणाल्या, “डॉक्टर, काही राहून गेलं का हो आत?” काहीच राहिलं नव्हतं. मुळांवरचं कीटण खरवडताना खिशातले जंतू काही वेळ रक्तात उतरतात, कोवळ्या हिरडीला इजा होते, आणि यकृत आपलं काम चोख करतं. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. पायरिया बळावलेल्या १२० जणांपैकी ज्यांची कसून सफाई केली, त्यांचा सीआरपी २४ तासांनी बाकीच्यांपेक्षा जास्त होता आणि रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी. सहा महिन्यांनी मात्र त्याच गटाच्या रक्तवाहिन्या जास्त चांगल्या काम करत होत्या. म्हणजे आधी चढ, मग उतार. मेसेजवाल्याला फक्त उतार ठाऊक आहे.

आणि तो उतारही केवढा? २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला सरासरी फरक होता लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. चारचा साडेतीन. काहीही न करता दोन वेगळ्या दिवशी तपासलं तरी एवढा फरक सहज पडतो. एखादी सर्दी पुरे. त्यात माणूस सहसा आकडा चढलेला असतानाच घाबरून उपचाराला येतो, आणि चढलेला आकडा बऱ्याचदा आपसूकच थोडा खाली येतो. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे केलं त्याला जातं. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या ३०३ जणांवर झालेल्या ‘पेव्ह’ नावाच्या चाचणीत सहा महिन्यांनी सफाईच्या आणि तुलनेच्या गटातल्या सीआरपीत लक्षात घेण्याजोगा फरक उरला नाही. तुलनेच्या गटातल्या बऱ्याच जणांनी बाहेर दात साफ करून घेतले होते, हेही त्याचं एक कारण. पण दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे: लठ्ठ लोकांमध्ये सफाईचा परिणाम जवळजवळ पुसलाच गेला होता. यकृताला पोटाकडून निरोप येत राहिले, तर तोंडाकडचे थांबून किती फरक पडणार? तेव्हा ‘सीआरपी उतरला नाही म्हणजे सफाई कच्ची’ हे गणित तिथेच कोलमडतं.

हृदयाच्या मुद्द्याला मी हसण्यावारी नेणार नाही. पायरिया असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसतो, आणि वय, तंबाखू, मधुमेह यांचा हिशेब वजा केल्यावरही थोडा संबंध उरतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ च्या निवेदनात हे मान्य केलं, आणि त्याच निवेदनात हेही म्हटलं की हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो याचा पुरावा नाही. कॉक्रेन ही जगभरच्या चाचण्या एकत्र पारखणारी संस्था; तिच्या २०१९ च्या आढाव्यात कसोटीला उतरलेल्या चाचण्या सापडल्या फक्त दोन. एक १६५ जणांची, दुसरी वरची ३०३ जणांचीच. एवढ्यावरून ‘धोका निम्मा’ कुणी काढला असेल, तर त्याने तो स्वतःच्या खिशातून काढलाय, हिरडीच्या नव्हे.

शिवाय आकडा उतरवणं म्हणजे आजार उतरवणं नव्हे. जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी थोडा चढा राहतो, अशा लोकांना हृदयविकार जास्त होत नाही, असं मोठ्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे. सीआरपी निरोप्या आहे, मारेकरी नाही.

दातांवर सगळ्या शरीराचं खापर फोडण्याची हौस जुनी आहे, हेही जाता जाता. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलमधल्या भाषणात तोंडातल्या पूवर आणि त्यावर चढवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर कोरडे ओढले. पुढे सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याला दातच जबाबदार धरले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने रुग्णांचे दात सरसकट उपटले. १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा या मताचा पाया डळमळला. तोवर हजारो लोक बोळके झाले होते.

मेसेजमध्ये सर्वांत जास्त तथ्य साखरेच्या वाक्यात आहे, आणि गंमत म्हणजे ते मेसेजवाल्याने गर्दीत कुठेतरी कोंबलंय. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर चढवतात, हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या होत्या. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी ०.४३ ने खाली आला. साडेआठचा आठच्या आसपास. हे कमी नाही. एखादी जादा गोळी टळू शकते. पण चालू गोळ्या ‘सुटतात’ असं वाचून परस्पर बंद करणाऱ्याचं जे होईल, त्यात दाढा वाचल्याचं समाधान कितपत पुरेल?

काकूंकडे परत येते. आकड्याचं हे सगळं सांगून झालं आणि पुढची तपासणी तीन महिन्यांनी, तीही सळईने, असं ठरलं. सोबत आलेले काका कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, “मला तर हा मेसेज लागूच नाही. ब्रश करताना थेंबभर रक्त येत नाही माझ्या.” शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. धूम्रपानाने हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण दबतं, आजार मात्र आतल्या आत पुढे सरकतो. मी त्यांना म्हटलं, दोन मिनिटं बसा तर खरं. खालच्या शेवटच्या दाढेपाशी सळई सात मिलीमीटर आत गेली. रक्त खरंच आलं नाही.