घड्याळ खराब नव्हतं, सर – दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे. पण तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "कळसूबाईच्या माथ्यावर घड्याळ १५९० मीटर दाखवत होतं, रात्री तंबूत नुसतं ठेवलं तर पहाटेपर्यंत २० मीटर वर चढलं, दुकानदाराने जाणूनबुजून खराब पीस गळ्यात मारला." यातलं शेवटचं फार लागलं.

हे घड्याळ हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. त्या हिशेबात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलेलं असतं. आपल्याकडची हवा त्याहून कितीतरी गरम. गरम हवेत वर जाताना दाब सावकाश उतरतो, त्यामुळे चढाई कमी भरते, १० अंशांच्या फरकाला साधारण ४ टक्के. तुम्ही पुण्यात ५६० वर सेट केलंत आणि आकडा पाहिलात तो थेट १६४६ मीटरच्या माथ्यावर. हजारावर मीटरच्या चढाईत पन्नासेक मीटरचा फरक पडणारच. "पायथ्याला बारी गावात नकाशावरची उंची टाकून पुन्हा सेट करा," हे मी काउंटरवर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता, तरी मी थांबून परत सांगितलं.

आता तंबूचं. हवेचा दाब रोज रात्री १० च्या सुमारास चढतो आणि पहाटे ४ च्या सुमारास उतरतो. तो दोन हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) उतरला की घड्याळाला वाटतं आपण २० मीटर वर आलो. सेन्सर मेला असता तर आकडा हललाच नसता.

अंतर मित्रापेक्षा जास्त दिसलं म्हणता. बसल्या जागी जीपीएसचा ठिपका इकडे-तिकडे सरकतो आणि तेही अंतरात धरलं जातं. विश्रांतीला पॉज करायचं.

परत घेतलं नाही, हे खरं. काचेवर ओरखडे होते, बॉक्स नव्हता. तरी कंपनीकडे तपासायला पाठवतो म्हटलं, ते तुम्हीच नको म्हणालात. पावसाळी ट्रेकचा सीझन तोंडावर आहे, आमच्यासारख्या छोट्या दुकानाचं वर्षाचं गणित त्यावर असतं, आणि नवीन गिऱ्हाईक आधी तुमचा रिव्ह्यू वाचतं.

सेटिंगची माहिती मराठीत छापून द्यायचंही बघतो आहोत. तुम्ही घड्याळ घेऊन या, समोर बसून सेट करून देतो, पैसे घेणार नाही. फक्त ते "जाणूनबुजून" तेवढं काढा, ही विनंती.