हातभर वर बसलेली मोरी

रस्त्याच्या डाव्या हाताला तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडं, हिरवीगार होती आणि उजव्या हाताला त्यांचे नुसते सांगाडे उभे होते. मधे मातीचा जेमतेम दहा-बारा फुटांचा भराव. कच्छच्या आखाताच्या काठी पाहिलेलं हे दृश्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

उजवीकडची जमीन पांढरी पडली होती. पाय टाकला की मिठाचा पापुद्रा पापडासारखा मोडायचा. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळं वर आलेली असतात. त्यातलं एक वाकवून पाहिलं तर वाळक्या काडीसारखं कट्कन तुटलं. भरावाखाली पाण्यासाठी मोरी ठेवलेली होती, नाही असं नाही. म्हणजे कागदावर पाण्याची वाट शाबूत होती. पण मोरीचा तळ खाडीच्या तळापेक्षा हातभर वर बसला होता. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत शिरायचं, भांगाच्या, म्हणजे मधल्या दिवसांतल्या लहान भरतीला थेंबही नाही. आणि जे शिरायचं त्यातलं खालचं हातभर पाणी ओहोटीला बाहेर पडूच शकायचं नाही. त्या साचलेल्या पाण्यात श्वासमुळं बुडून राहायची, झाडं गुदमरायची. मग उन्हाने पाणी आटलं की मीठ खाली बसायचं. दर पंधरवड्याला असा एकेक थर.

पावसाच्या प्रदेशात हेच झालं असतं तर कदाचित झाडं तगलीही असती. चार महिने वरून धो धो पाणी पडतं, नद्या गोडं पाणी आणि गाळ आणतात, मीठ धुऊन निघतं. कोरड्या किनाऱ्यावर यातलं काहीच नाही. तिथे कांदळवनाला, म्हणजे खारफुटीच्या जंगलाला, खायला घालणारी आणि न्हाऊ घालणारी एकच, ती म्हणजे दिवसातून दोनदा येणारी भरती. ती अडवली की संपलं. हे इतकं साधं आहे, तरी कोरड्या किनाऱ्यांवरच्या खारफुटीबद्दल बोलताना आपण सगळे रोपांचे आकडे बोलतो आणि पाण्याच्या वाटेबद्दल कुणी बोलत नाही. माझी सगळी तळमळ एवढ्याचसाठी आहे.

तिवर हे झाड मुळात कमालीचं सोशिक. मुळं बरंचसं मीठ बाहेरच रोखतात, तरी जे आत येतं ते पानांवाटे बाहेर टाकलं जातं. सकाळी पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं, आणि उन्हात तेच कण चमकताना दिसतात. शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया मरीना. थोर हकीम इब्न सीना यांच्या नावावरून ठेवलेलं. इराणच्या केश्म बेटाजवळ याच झाडाचं मोठं जंगल आहे, तिथे त्याला हरा म्हणतात आणि १९७०च्या दशकापासून ते संरक्षित आहे. तांबड्या समुद्राच्या कडेने, अरबी आखातात, सिंधूच्या मुखाशी, कच्छमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या वायव्य किनाऱ्यावर, सगळीकडे हेच झाड उभं आहे. पण सोशिक म्हणून त्याला वाट्टेल ते सोसायला लावायचं का?

ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटेरिया आखातात २०१५-१६ साली काय झालं ते आठवा. एल निनोमुळे समुद्राची पातळी काही महिने खाली गेली, त्यात दुष्काळ आणि उष्णता. सुमारे हजार किलोमीटरच्या किनारपट्टीवर ७,४०० हेक्टरच्या आसपास खारफुटी वाळली. तिथे कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, बांधही घातला नव्हता. ही झाडं सहनशक्तीच्या अगदी टोकावर जगत असतात, पाणी काही इंचांनी जरी हटलं तरी ती जातात. मग आपण मुद्दाम पाणी अडवतो तेव्हा काय होत असेल?

दुसरं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. गॉर्डन साटो हे जपानी वंशाचे अमेरिकन शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्यांच्या कुटुंबाला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या मांझानार छावणीत डांबलं होतं. पुढे त्यांनी एरिट्रियाच्या किनाऱ्यावर काम केलं आणि प्रकल्पाला त्याच छावणीचं नाव दिलं. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. खारफुटी सगळीकडे का नाही, मोजक्याच ठिकाणी का? उत्तर सापडलं ते असं, की जिथे वर्षातून थोडे दिवस का होईना, पावसाचा लोंढा समुद्रात उतरतो तिथेच ती वाढते, कारण तो लोंढा नत्र, स्फुरद आणि लोह घेऊन येतो. मग त्यांनी प्रत्येक रोपाशेजारी खताची छोटी पिशवी पुरली, भोकं पाडून, म्हणजे खत हळूहळू झिरपेल, आणि सोबत लोखंडाचा तुकडा. जिथे काहीच नव्हतं तिथे लाखो झाडं उभी राहिली. ही पद्धत सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही, समुद्रात खत सोडण्याबद्दल शंका घेता येतात. पण रोप हातात घेण्याआधी 'इथे झाड का नाही' हे त्यांनी विचारलं. ते आपण विचारत नाही.

आपल्याकडे काय होतं? ओहोटीला उघडा पडलेला चिखल दिसला की तो 'रिकामा' समजून रोपं लावायची. तो रिकामा नसतो हो! रोहित (फ्लेमिंगो), खेकडे खाणारे पाणपक्षी, असंख्य पाहुणे पक्षी त्याच चिखलावर जगतात. आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीखाली लावलेलं रोप पाण्याखाली इतका वेळ राहतं की ते मरतंच. फोटो मात्र निघालेला असतो.

लागवडीला मी सरसकट नावं ठेवत नाहीये. गुजरातमध्ये १९९१च्या वन सर्वेक्षणात ३९७ चौरस किलोमीटर खारफुटी होती, २०२१च्या अहवालात ती १,१७५ झाली. त्यामागे माणसांचे कष्ट आहेत. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१३ साली एका दिवसात ८ लाख ४७ हजारांहून अधिक रोपं लावून विक्रम केला, आणि तिथलं जंगल खरोखर वाढलंही आहे. पण १९५५च्या कोट्री बंधाऱ्यानंतर सिंधूचं गोडं पाणी आणि गाळ मुखापर्यंत पोचेनासा झाला, ते दुखणं रोपांनी बरं झालेलं नाही. शिवाय नवी झाडं जवळजवळ सगळी तिवरंच. एकाच जातीचं जंगल एका रोगाने, एका दुष्काळात जाऊ शकतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. कोरड्या किनाऱ्यावरचं तिवर कधीकधी माणसाच्या उंचीचंच असतं. 'झुडपंच तर आहेत' म्हणून ती जमीन पडीक ठरते आणि मिठागराला, बंदराला, रस्त्याला जाते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात, जिथे आजूबाजूला वाळवंट आहे, अशाच खुरट्या खारफुटीखाली जवळजवळ दोन हजार वर्षं साचलेला सेंद्रिय थर सापडला. त्या भागाची एक टक्क्याहूनही कमी जमीन, पण जमिनीखालच्या कार्बनपैकी सुमारे २८ टक्के तिच्यात. वर दिसतं त्याच्या कितीतरी पट खाली असतं.

कच्छच्या खाराई उंटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे उंट खाडीत पोहत बेटांवर जातात आणि तिवर चरतात. २०१५ साली त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. 'उंट जंगल खातात' असं म्हणून मालधाऱ्यांकडे, म्हणजे तिथल्या पशुपालकांकडे, बोट दाखवणारे मी पाहिलेत. अहो, ते पिढ्यान् पिढ्या तिथे चरताहेत आणि जंगल होतं! कांडला परिसरातल्या खाड्या अडवल्या गेल्या तेव्हा त्याविरुद्ध लवादाकडे गेले ते हेच उंटपालक, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अडथळे हटवायला सांगितले. भरतीची वाट ज्यांना रोज चालावी लागते, त्यांनाच ती बंद झालेली सगळ्यात आधी कळली.

त्या भरावावर उभी असताना मी डावीकडच्या झाडांखाली वाकून पाहिलं. चिखलात नुकती रुजलेली रोपं होती, दोन-दोन पानांची, कुणीही न लावलेली. तिवराचं बी झाडावरच कोंब धरतं आणि भरतीबरोबर वाहत जाऊन रुजतं. मोरीच्या तोंडाशी तशीच दहा-बारा बियाणं अडकून पडली होती, हिरवी, फुगलेली, काहींना मुळं फुटलेली. पाणी आत जाईपर्यंत ती तिथेच वाट बघणार होती. मी ती ओंजळीत घेऊन पलीकडे टाकावीत का, असा विचार केला. पण पलीकडे मीठ होतं.