‘श्रीमंतीची थेरं’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काढून टाक, असं मला दोघा-तिघांनी कळवलं. काढलेली नाही, काढणारही नाही. घरात सहा गावठी कुत्री आहेत हे मी कौतुकानं लिहायचं आणि ज्याच्या नातवाच्या पोटरीला चावा बसलाय त्यानं ते गप वाचून सोडून द्यायचं, असं कसं होईल?

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. मराठवाड्यात माणसाला प्यायला पाणी नाही, शेतकरी फास घेतोय, आणि ही बाई भटकी कुत्री घरात घेऊन लाड करते, ही श्रीमंतीची थेरं आहेत. पंधरा दिवसांपूर्वी नातवाला गल्लीतली कुत्री चावली, तुम्ही चुना-हळद लावून दवाखान्यात नेलं, तीन इंजेक्शनं झाली. माझ्यासारख्यांमुळंच ही पिलावळ वाढते. पुळका असेल तर एखाद्या संस्थेला पैसे द्यावेत, घर कशाला बाटवायचं? आणि शेवटी, तीच कुत्री पुन्हा गाभण आहे.

आधी नातवाचं, बाकी वाद नंतर. तीन इंजेक्शनांवर थांबू नका. लस कातडीत देत असतील तर पहिला दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८ असे दिवस असतात, म्हणजे २८ व्या दिवसाचं तुमचं राहिलंय. दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवसाचंही असतं. केसपेपर घेऊन उद्याच विचारून या. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेभोवती सीरमही (रेबीजला तिथंच अडवणारं तयार औषध) द्यावं लागतं, ते दिल्याची नोंद आहे का तेही बघा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. चावलेली कुत्री पंधरा दिवसांनंतरही हिंडती-फिरती, खाती-पिती आहे. चावताना तिच्या लाळेत रेबीज असता तर ती दहा दिवसांच्या आत गेली असती. तेव्हा घोर कमी करा. पण कोर्स डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नका.

आणि चुना-हळद पुन्हा कधीच नको. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आपल्याकडं अजून लोक मिरचीपूड भरतात, झाडपाल्यावाल्याकडं नेतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती लोकांच्या डोक्यात इतकी बसलीय की ती लस २००४ मध्ये बंद झाली तरी म्हाताऱ्या बायका लेकराला ‘पोटात सुया टोचतील’ म्हणून दवाखान्यापासून लपवतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. म्हणून हे एवढं लांबण लावलं.

आता ‘तुमच्यासारख्यांमुळंच वाढतात’ हे. इथं तुमचं अर्धं खरं आहे, सर, पण ज्यांच्याबद्दल खरं आहे त्यांच्यात मी बसत नाही. रोज रात्री स्कूटीवर येऊन चौकात बिस्किटाचे पुडे फोडायचे, फोटो काढायचा आणि घरी जाऊन झोपायचं, हे करणारे आमच्या परभणीतही आहेत. त्यांच्याशी माझं तुमच्याहून जास्त वाजतं. खायला मिळालं की कुत्री तिथंच थांबणार. मादी वर्षातून दोनदा माजावर येणार, नऊ आठवड्यांत विणार, आणि ज्यांच्या दारात हे सगळं चालतं त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. नसबंदी न करता नुसतं खाऊ घालणं म्हणजे आपलं पुण्य दुसऱ्याच्या दारात साठवणं.

आमची सहाही कुत्री नसबंदी झालेली आहेत. रेबीजची लस दरवर्षी, तिचं कार्ड टीव्हीखालच्या कप्प्यात. फाटक कायम बंद. यातली चार आमच्याच गल्लीत जन्मली, आज ती गल्लीत नाहीत. तुम्हाला गल्ली मोकळी हवीय ना? माझ्या घरात जे चाललंय तेच गल्ली मोकळी करायचं एक काम आहे.

हे माझं डोकं नव्हे. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, पकडलेली कुत्री नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथंच सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच, असं सांगितलंय. त्यातच एक कलम आहे, त्याची चर्चा कुणी करत नाही. ज्याला भटकं कुत्रं पाळायचंय त्यानं पालिकेकडं अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून त्याच्या ताब्यात द्यावं आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी पाळणाऱ्याची. पुढं ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून परत तिथं सोडायची नाहीत, असाही आदेश झाला. ती कुत्री ठेवायची कुठं, हा प्रश्न आता प्रत्येक नगरपालिकेपुढं आहे. ‘संस्थेला पैसे द्या’ म्हणता, पण आपल्या बहुतेक तालुक्यांत आहे तो कोंडवाडा, तोही गुरांचा. मोकाट बैल नि कुत्री एकाच भिंतीआड कोंडून काय होईल ते तुम्ही मास्तर माणूस, तुम्हीच सांगा. (तुम्हाला मास्तर म्हटलं ते तुमच्या अक्षरावरून नव्हे, ऱ्हस्व-दीर्घावरून. इतकं शुद्ध रागावणं हल्ली वाचायला मिळत नाही.)

पाण्याचं. आमच्याही नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं, त्यामुळं हा हिशोब मला तोंडपाठ आहे. आमची सगळी मध्यम अंगाची, भर उन्हाळ्यात सहा मिळून एक बादली पितात. आमचा कूलर एका दुपारीच त्याहून जास्त पितो आणि मे महिन्यात परभणीत कूलर बंद ठेवायचा सल्ला कुणी देत नाही. अंगण धुवायला कपड्याचं दुसरं पाणी. पाण्याबद्दल एवढंच.

शेतकऱ्याचं एवढ्यात संपणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं तेव्हा आमचे हे आणि त्यांचे मित्र चाऱ्याच्या पेंढ्या आणि किराणा घेऊन गंगाखेडच्या बाजूला गेले होते. एका शाळेच्या वऱ्हांड्यात लोक बसलेले. एक म्हातारबा, त्यांची म्हैस दावणीलाच गेलेली, सोयाबीन सगळं पाण्यात. त्यांच्या धोतराला खेटून एक तांबूस कुत्री बसली होती, पोट पाठीला लागलेलं. पेंढी उतरवून झाल्यावर ते म्हणाले, “चारा काय करू बापू, खाणारं गेलं. हिला न्या. म्या हिला काय घालू? रातभर माळवदावर माझ्यासंगट व्हती, गेली न्हाई सोडून.” यांनी फोन करून मला विचारलं. घरात तेव्हा पाच होती आणि सहावं नको, हे मीच शपथेवर सांगितलेलं. मी म्हटलं, आणा.

तिचं नाव गोदा. म्हातारबांचा फोन सणासुदीला येतो. माझी चौकशी एका वाक्यात आटपते, मग, “खाती का?”

शेतकरी की कुत्रं, असा सवाल तुम्ही मला घातला. तो घालून बघायचाच असेल तर त्यांना घाला. त्यांच्या डोळ्यापुढं दोन्ही एकाच ओझ्यात होती.

लाडाचं म्हणाल तर एकदा संध्याकाळी सातला येऊन बघा. सहा जर्मनच्या थाळ्या, सहांच्या जागा ठरलेल्या. काल्यात ज्वारीची भाकरी, भात आणि कोंबडीचे पंजे-पोटं उकडून, कांदा-मीठ काही नाही. म्हातारीला पहिली थाळी, तिला दात नाहीत, तिची भाकरी कुस्करून पातळ करावी लागते. बत्ताशी आणि भिंगरी या दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींची तोंडं बघवत नाहीत, म्हणून एक मोरीत आणि एक ओसरीवर, मधलं दार लावून. माद्यांचं भांडण नरांसारखं गुरगुरून मिटत नाही, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. बत्ताशीच्या कानाची चीर अजून दिसते. काळ्याचं अर्ध्या मिनिटात संपतं आणि तो दुसऱ्यांच्या थाळ्यांच्या तपासणीला निघतो. मी खराटा आडवा धरून मधे उभी. मारायचा नसतो, नुसता आडवा. तलाठी जिन्याखाली. त्याला तलाठी म्हणतात कारण काम असेल तेव्हा तो जागेवर सापडत नाही. आणि गोदा अजूनही पहिला तुकडा तोंडात धरून टाकीमागं जाते, मातीत पुरते आणि मग परत येऊन उरलेलं जेवते. सकाळी ते तुकडे उकरून काढायचे, नाहीतर मुंग्या.

पावसाळ्यात याच्यावर गोचिडांची भर. रोज रात्री एकेकाला मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या आतल्या घड्या चाचपायच्या. वाटाण्याएवढी फुगलेली सगळ्यांना दिसते, खरी त्रासाची ती तिळाएवढी. चिमटा अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, नाहीतर तोंड आत राहतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून वाटीत साबणाचं घट्ट पाणी. इतकं करूनही गेल्या श्रावणात तलाठ्याला गोचीड-ताप झालाच. जेवण सोडलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या आणि एका सकाळी नाकातून रक्त. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे हे आमचं नशीब. रक्त तपासलं, प्लेटलेट पार खाली आलेल्या. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर, उकडलेल्या अंड्याच्या बलकात लपवून. तो बलक चाटून गोळी फरशीवर ठेवायचा, तीही अगदी स्वच्छ करून.

शिवाय सहा ओल्या कुत्र्यांचा वास. शिवाय एकाच लग्नाला आम्ही दोघं मिळून गेलो त्याला किती वर्षं झाली ते आता नातेवाईकही विचारत नाहीत. शेजारच्या वहिनींनी भुंकण्यावरून बोलणं सोडलं होतं, आणि त्यांचं चूक नव्हतं. रात्री दहानंतर सगळी आतल्या खोलीत घ्यायला लागलो, तेव्हापासून हळदी-कुंकवाचं बोलावणं परत सुरू झालंय. म्हणून जे कुणी हे वाचून हळवे होतील त्यांनाही सांगते, सहा पाळू नका. एक पाळा. घरातल्या सगळ्यांचा होकार असेल तरच, आणि नसबंदीचे पैसे आधी बाजूला काढून.

घर बाटण्याचं उत्तर सासूबाईंनी द्यायचं ठरवलं होतं, पण त्यांना टाइप करता येत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत एकही कुत्रं येत नाही, हा त्यांचा नियम आणि तो सहाही जण पाळतात. घरातली माणसं तेवढी पाळत नाहीत. तुमची प्रतिक्रिया मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावून तुमच्या नावाशेजारचा दत्त महाराजांचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, “ह्यांच्या देवाच्या पायाशी चार हायेत की. आपल्याकडं दोनच जास्त.”

राहिली तुमच्या गल्लीतली गाभण कुत्री, आणि मला वाटतं तुमची प्रतिक्रिया खरं तर तिच्याबद्दलच होती. ती विईल तेव्हा पहिले काही आठवडे पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. पिलांजवळ गेलेल्यावर सगळ्यात गरीब कुत्रीसुद्धा धावते. जागा आडोशाची असेल तर कुणा एकानंच रोज ठरल्या वेळी पाणी आणि भाकरी ठेवावी, म्हणजे ती अन्नासाठी रस्त्यावर कुणाच्या पिशवीला झोंबणार नाही. पिलं साधारण दोन महिन्यांची झाली, दूध सुटलं, की तिची नसबंदी करता येते. पिलं त्याच वेळी द्यायची. शेतावर राखणीला गावठी पिल्लू मागणारे आपल्याकडं अजून आहेत, फक्त मादी कुणी नेत नाही. दोन माद्या उरल्या तर मला कळवा, घर शोधायला मदत करीन. (माझ्याकडं नाही. सातवं नको, हेही शपथेवर.) तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस.

मधल्या काळात नगरपालिकेला अर्ज करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम त्यांचंच आहे. ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करावा’ एवढंच लिहिलंत तर एखाद्या दिवशी गाडी येईल, कुत्री उचलून गावाबाहेर सोडतील, आणि उकिरडा तिथंच असला तर महिन्याभरात शेजारच्या वॉर्डातली येऊन बसतील, ती बिनलशीची. ‘नसबंदी व रेबीज लसीकरण करून मिळावे’ असं स्पष्ट लिहा. गल्लीचं नाव, कुत्र्यांची अंदाजे संख्या, लेकराला चावल्याची तारीख, केसपेपरची झेरॉक्स. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या, त्यात रोज खायला घालणाऱ्याची सही पहिली घ्या. उकिरडा उचलण्याची मागणी त्याच अर्जात दुसऱ्या क्रमांकावर. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक आरोग्य विभागाला, आणि दोन्हींवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसली तर अर्ज आलाच नाही म्हणतात.