पेट्रोल काय माडाला लागतं?

गिअरच्या दांड्याला लागलेला फणसाचा चीक कसा काढावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं नाही. तीन दिवस खोबरेल चोळतोय.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येत होतो. नेवऱ्याला बायकोच्या लांबच्या नात्यातले एक काका हात दाखवून उभे, काखेत कागदात गुंडाळलेला अर्धा फणस. मे महिन्यात कोकणात रिकामी गाडी नेणं हा गुन्हाच, बसवून घेतलं.

आरे-वारेचा उतार आला. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून दुसरा गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं.

"मेल्या, गाडी रडतेय!"

"रडत नाहीये काका. इंजिनाने गाडी धरून ठेवलीय."

"न्यूट्रल कर. पेट्रोल काय माडाला लागतं?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, "काका, गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ते तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की चाकांचा संबंध सुटला. मग बंद पडू नये म्हणून इंजिन पेट्रोल पिणार. नुसती उभी गाडीही तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते."

"पेट्रोल पीत नाही, मग ओरडते कशाला?"

प्रश्न चांगला होता, कबूल. म्हटलं, "पाय काढला की हवेची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन ओढतायत, हवा येत नाही. शहाळ्याच्या नळीत मलई अडकली की गाल कसे आत जातात? तीच ओढाताण गाडीला मागे खेचते."

काकांनी गाल आत ओढून पाहिले. विचार केला.

"मी शहाळं ग्लासात ओतून पितो."

मी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. अ‍ॅव्हरेजची पट्टी टोकाला टेकली होती.

"ते कंपनीवाल्यांनीच बसवलेलं ना? आपल्याच पोराला नापास करतील होय?"

आणि सरळ हात घालून त्यांनी दांडा न्यूट्रलला ओढला. इंजिन गप्प झालं, गाडी मोकाट सुटली. उजवीकडे समुद्र, पुढे वळण, वळणातून एसटी. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

"बघ, कशी लोण्यासारखी जाते! आता किल्ली फिरव. मी फियाट अख्खा आंबा घाट बंद करून उतरवलीय."

बोटं किल्लीवर पोचलीसुद्धा. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरता साथ देतो, मग पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आणि किल्ली पार मागे जाऊन निघाली तर स्टिअरिंगच लॉक. हे सगळं समजावण्याइतका रस्ता उरला नव्हता. मी ओरडलो, "हात काढा!"

त्यांच्या फियाटला इंजेक्टर नव्हे, हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्बोरेटर; तिला गिअरमध्येही थोडं पेट्रोल जातच राहायचं, त्यामुळे न्यूट्रलने तेव्हा चार थेंब वाचतही असतील. पण नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन वीसेक वर्षं झाली, हे यांना कोणी सांगायचं? ब्रेक तापून वास सुटला की दोष गाडीलाच. आणि सांगणारा कायम पोरगाच, मग त्याचे केस पिकले तरी.

रत्नागिरीत ते उतरले. एक गरासुद्धा दिला नाही. मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता.

"म्हाताऱ्या माणसावर ओरडलास?" बायको म्हणाली.

इंजेक्टरपासून सुरुवात केली. ती आत निघून गेली.

आज सकाळी बाजाराच्या गर्दीत दुसरा टाकला. गिअर पडला, हात सुटेना.