‘इच्छा सोडा, सुखी व्हा’: हा उपदेश कुणाचा आणि कुणाला?

गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतो आहे. वर कमळ, खाली ॐ, धम्मचक्र, जैनांचा हात आणि शिखांचा खंडा. मजकूर थोडक्यात असा : चारही धर्म एकच सांगतात. इच्छा हेच दुःखाचं मूळ. गीता म्हणते फळाची आशा धरू नका. आज जे भोगतो ते मागच्या जन्मीचं. आजोबांच्या गरजा कमी होत्या म्हणून ते सुखी होते. आजचा शेतकरी हाव करतो म्हणून कर्जात बुडतो. जैनांसारखा अपरिग्रह पाळा, शिखांसारखा देवाचा हुकूम गोड मानून घ्या, सगळ्यांना क्षमा करा, तक्रार करू नका. शेवटी, अर्थातच, अकरा जणांना पाठवा.

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातले बरेच जण काकड आरतीला उठणारे, वर्षावासात विहारात जाऊन बसणारे आहेत. पण मेसेजमध्ये एक मोठी गल्लत आहे. घरदार सोडलेल्यांना सांगितलेलं ज्ञान सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या गळ्यात मारलं आहे, आणि सातबारावाल्यासाठी या परंपरांनी जे वेगळं, रोखठोक सांगून ठेवलं ते गाळून टाकलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘चारही धर्म एकच सांगतात.’ नाही सांगत. गीता आत्मा मानते, बुद्ध नाकारतात. जैन जगाचा कर्ता मानत नाहीत, शीख एका कर्त्यापासूनच सुरुवात करतात. या लोकांनी शेकडो वर्षं एकमेकांशी कडाकडा वाद घातले आहेत. साम्य आहे ते दुसरीकडे : संसारी माणूस वेगळा आहे, हे चौघांनाही ठाऊक होतं. जैनांत साधूला महाव्रतं, म्हणजे कडक व्रतं, आणि गृहस्थाला अणुव्रतं, म्हणजे तीच झेपतील एवढी. बौद्धांच्या पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, भिक्खूला 227 नियम, उपासकाला पाच शीलं. गुरू नानक स्वतः संसारी, दोन मुलांचे बाप. आणि गीता सांगितली गेली ती ‘त्यापेक्षा भीक मागून खाईन’ म्हणणाऱ्या अर्जुनाला, त्याला त्या विचारापासून परत फिरवण्यासाठी.

‘फळाची आशा धरू नका.’ दुसऱ्या अध्यायातल्या 47 व्या श्लोकाची पहिली ओळ मेसेजमध्ये आहे. दुसरी नाही. ती अशी : ‘मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’. म्हणजे काही न करता बसून राहण्याचीही ओढ धरू नकोस. अर्धा श्लोक कापला की गीता आळशाच्या बाजूची होते.

त्याहून कामाचा श्लोक अठराव्या अध्यायात आहे, चौदावा. कोणतंही काम तडीस जायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि ‘दैवं चैवात्र पञ्चमम्’. दैव पाचवं. कोरडवाहू कपाशीला हे लावून बघा. वावर, कास्तकार, औत-बियाणं-खत, आणि डवरणीपासून वेचणीपर्यंतची सगळी धावपळ. हे चार झाले. पाऊस पाचवा. आपल्याकडे पाचव्याचं बोट धरून पहिल्या चारांचा हिशोब बंद करायची खोड आहे.

भाव मागणं म्हणजे फळाची आसक्ती, असंही कुणीतरी या मेसेजखाली लिहिलं होतं. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. तो कापूस ताडपत्रीवर पसरून दोन दिवस ऊन द्यायचं, की दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल भावात घालायचा, हा निर्णय चौथ्या कारणात येतो. त्याला आसक्ती म्हणणाऱ्यानं एकदा भरलेल्या गाडीसोबत केंद्रावर रात्र काढून बघावी.

आता मुख्य मुद्दा, ‘इच्छा हेच दुःखाचं मूळ, म्हणून कर्ज’. तृष्णा दुःखाचं कारण, हे बुद्धांचंच सांगणं. त्यात वाद नाही. पण बुद्धांनी गृहस्थाशी बोलताना एवढंच सांगितलं का?

अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, श्रावस्तीच्या अनाथपिंडिक सेठजीला ते संसारी माणसाची चार सुखं सांगतात. आपल्या मेहनतीचं, धर्मानं मिळवलेलं धन असणं हे एक. ते उपभोगता येणं, त्यातून पुण्य करता येणं हे दुसरं. तिसरं ऋण नसण्याचं : कुणाचं थोडं नाही, फार नाही, काहीच देणं नाही, या जाणिवेचं. चौथं निर्दोष वागण्याचं. चारांत पहिली तीन पैशाशी जोडलेली आहेत. चौथं सगळ्यांत मोठं असं तेच सांगतात, पण म्हणून पहिल्या तीनांना हाव म्हणत नाहीत.

त्याच निकायातल्या दुसऱ्या सुत्तात (उपदेशात) तर ते भिक्खूंना सरळ विचारतात, संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःखच ना? मग पुढची साखळी : गरीब म्हणून कर्ज, कर्ज म्हणून व्याज, व्याज थकलं की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग, शेवटी बंधन. प्रत्येक पायरीला ते दुःखच म्हणतात. पुढे ही साखळी ते शीलाच्या दारिद्र्याला लावतात, तो भाग वेगळा. पण दाखला द्यायला त्यांना हीच गोष्ट सुचली. मार्च महिन्यात सोसायटीच्या आणि फायनान्सच्या वसुलीवाल्याची गाडी गल्लीत शिरली की घरातली माणसं मागच्या दारानं वावराकडे निघतात. ते बघितलेल्याला या सुत्तावर भाष्य नको. साखळीची सुरुवातही नीट पाहा : दारिद्र्यापासून. हावेपासून नव्हे.

दीघ निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात सिगाल नावाच्या तरुणाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितलं आहे. एक घरखर्चाला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीला राखून. हे पाच एकर कपाशीवर मांडून बघू. एकरी पाच क्विंटल धरा, खासगीत 7,000 ने गेला असं धरा. पंचवीस क्विंटलचे 1,75,000. धंद्याचे दोन वाटे 87,500, म्हणजे एकरी साडेसतरा हजार. त्यात बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, भाडं सगळं बसवायचं. बसतं का, ते कपाशीवाल्यालाच विचारा. घरखर्चाचा वाटा 43,750. महिन्याला 3,650 च्या आतबाहेर, अख्ख्या घराला : किराणा, दवाखाना, पोरीच्या कॉलेजची एसटीची पास, लग्नाकार्याचा आहेर. आणि चौथा वाटा? तो पेरणी उलटली की दुबार पेरणीत जातो. या घराला ‘इच्छा कमी करा’ सांगायचं म्हणजे नेमकं काय कमी करायचं?

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्यांशी माझं जमतं. कोलिय कुळातल्या दीघजाणू नावाच्या गृहस्थाला बुद्धांनी तलावाची उपमा दिली आहे : पाणी आत येणारी चार तोंडं, बाहेर जाणारी चार. बाहेरची म्हणजे बाईचा नाद, दारू, जुगार, वाईट सोबत. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांखाली धान करणाऱ्याला हे लगेच कळेल. मटका आणि दारूत गेलेली शेतं प्रत्येक गावात मोजता येतात. पण त्याच उपदेशात आत येणारी चार तोंडं उघडी ठेवायलाही सांगितलं आहे. मेसेजनं फक्त बाहेरची मोजली.

‘आजोबा सुखी होते.’ हे आजोबांना विचारून लिहिलेलं दिसत नाही. शेणगावचे डेबूजी जानोरकर 1876 साली जन्मले. बाप दारूनं गेला. मामाच्या घरी वाढले, वावरात राब राब राबले, आणि मामाची जमीन सावकारानं घशात घातलेली त्यांनी पाहिली. पुढे हेच गाडगेबाबा झाले. त्यांच्या कीर्तनात ‘गरिबीत समाधान माना’ असा सूर नव्हता. कर्ज काढून सण-तेरवी करू नका, दारू सोडा, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरं शाळेत घाला, असं ते वऱ्हाडीत ठणकावून सांगत. अनावश्यक खर्च त्यांनीही तोडला, पण त्यातून वाचलेला पैसा कुठे घालायचा तेही सांगितलं.

‘मागच्या जन्मीचं कर्म.’ या वाक्याची मला खरी चीड आहे, कारण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोललं जातं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यावरून गेलेली दाट पऱ्हाटी (कपाशी), अंगात साधा सदरा, तोंडाला दुपट्टा, पाठीवर पंप. यात मागचा जन्म कुठून आणायचा?

बुद्धांना सीवक नावाच्या परिव्राजकानं (भटक्या संन्याशानं) हेच विचारलं होतं : माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वीच्या केल्याचं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? उत्तरात त्यांनी पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, निष्काळजी वागणं, बाहेरून झालेला आघात आणि कर्म, अशी आठ कारणं मोजली. कर्म आठवं. डॉ. आंबेडकरांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धांच्या धम्माशी जुळत नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. त्यांचा तो ग्रंथ, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, आपल्याकडच्या विहारांत वर्षावासात वाचला जातो. तरी त्याच गल्लीतून हा मेसेज पुढे जातो, याचं नवल वाटतं.

पण या मुद्द्यावरची सगळ्यांत झकास गोष्ट जैन आगमांत (धर्मग्रंथांत) आहे. पोलासपूरचा सद्दालपुत्त नावाचा कुंभार, मोठा कारखानदार, आजीविक पंथाचा. म्हणजे सगळं नियतीनं ठरलेलं, प्रयत्नाला अर्थ नाही, असं मानणारा. तो मडकी वाळत घालत होता तेव्हा महावीरांनी विचारलं, ही मडकी मेहनतीनं होतात की मेहनतीवाचून? हा म्हणाला, मेहनतीवाचून. सगळं ठरलेलंच असतं. बरं, मग कुणी तुझी मडकी चोरली, फोडली, तुझ्या बायकोवर हात टाकला, तर काय करशील? कुंभार उसळला : झोडपून काढीन त्याला! महावीर म्हणाले, का बुवा? तेही ठरलेलंच असेल ना. कुंभार गप्प झाला, आणि पुढे महावीरांचा श्रावक झाला. ‘नशिबात होतं’ म्हणणाऱ्याच्या धुऱ्यावर शेजाऱ्यानं नांगराची दोन तासं (सऱ्या) ओढून घेतली की तोही असाच तलाठ्याकडे धावतो.

‘अपरिग्रह पाळा.’ जरूर. पण गृहस्थासाठी हे व्रत आपल्या मालमत्तेची मर्यादा आपणच ठरवण्याचं आहे. मर्यादा घालायला आधी काही असावं लागतं. म्हणून हा उपदेश पहिल्यांदा साठेवाल्याच्या उंबऱ्यात शोभतो. आणि त्याच्या शेजारच्या अचौर्य (चोरी न करण्याच्या) व्रताबद्दल मेसेज चूप का? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच दोष दिले आहेत : चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याच्या कायद्याबाहेरचा व्यापार, मापात कमी-जास्त करणं, आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणं. खेडा खरेदीचा काटा, क्विंटलमागचा कडता (वजनातली कापणी), विनापावतीचं चोरबीटी (बेकायदा बीटी) बियाणं, भेसळीचं खत. हे सूत्र कृषी केंद्राच्या गल्ल्यामागे फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

‘हुकूम गोड माना.’ शिखांत हे आहेच, पण त्यांचं जगणं त्यापुरतं नाही. गुरू नानकांनी प्रवास संपवून शेवटची वर्षं करतारपूरला शेती केली. घाम गाळून खा आणि त्यातलं थोडं हातानं दे, त्यालाच वाट कळली, असं ते म्हणतात. आणि यात आपला संत नामदेवही आहे. गुरू ग्रंथ साहिबात त्याची 61 पदं आहेत; शिवाय कबीराच्या दोह्यांत त्याचा आणि त्रिलोचन या दुसऱ्या संताचा संवाद आहे. त्रिलोचन म्हणतो, अरे नाम्या, मायेत गुंतलास. हे कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त लाव. नामदेवाचं उत्तर : मुखानं राम म्हण, हातापायांनी काम सगळं कर, चित्त त्याच्यापाशी ठेव. त्रिलोचनाचा प्रश्न आणि आपला मेसेज यांत मला फारसा फरक दिसत नाही.

राहिली क्षमा. जैनांच्या संवत्सरीला माणूस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या चुकीची क्षमा मागत असतो. ज्याचं नुकसान झालं त्यानं तोंड बंद ठेवावं, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. दुकानदारानं यावं, म्हणावं की बियाणं खराब निघालं, चूक माझी. मग क्षमेचं बघू. तोवर उगवलं नाही तर पावती, पिशवीवरचं लेबल आणि पिशवीत उरलेलं थोडं बियाणं जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. तो होईपर्यंत दुबार पेरणीसाठी वावर मोडू नका. मोडलं की पुरावा गेला.