रवांडात ६४ टक्के महिला आरक्षण? नाही, ३० टक्के

‘रवांडात संसदेच्या ६४ टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यात आकडा खरा, पण अर्थ चुकलाय. २००३च्या राज्यघटनेने किमान ३० टक्के वाटा ठरवला. कनिष्ठ सभागृहाच्या ८० जागांपैकी राखीव फक्त २४, आणि त्याही थेट जनतेच्या मताने नव्हे, स्थानिक परिषदांच्या मतदारमंडळातून भरतात. २०१३मध्ये ५१ महिला, म्हणजे सुमारे ६४ टक्के, निवडून आल्या. म्हणजे राखीव नसलेल्या जागांवरूनही २७ जणी पोहोचल्या, बहुतेक पक्षांच्या यादीतून. संसदेतल्या महिलांच्या प्रमाणाच्या जागतिक क्रमवारीतला पहिला नंबर त्यामुळे. आता यावरून रवांडा आदर्श लोकशाही ठरवू नका! देशोदेशीच्या स्वातंत्र्याचं मोजमाप करणाऱ्या ‘फ्रीडम हाऊस’ या अमेरिकी संस्थेच्या अहवालात हाच देश ‘मुक्त नाही’ या गटात आहे.