कुणाला दिलं ते गुप्त असतं, दिलं की नाही ते नसतं

काल रात्री घरच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, यापुढं मी मतदानाला जाणार नाही, वेळ घालवायचा नाही आता. खाली अकरा जणांनी अंगठा दिला. त्यात माझी मावशी पण होती, जिनं माझ्या आठवणीत एकही मतदान चुकवलेलं नाही. रात्रभर तो अंगठा डोक्यात राहिला म्हणून शाळेत जायच्या आधी हे लिहितेय, मोठं होईल पण वाचा.

आधी सांगते, दादाचा राग खोटा नाही. 2019 ला ज्या चिन्हांकडं बघून बटण दाबलं त्यातली शिवसेना जून 2022 ला फुटली, राष्ट्रवादी जुलै 2023 ला फुटली, दोन्हीकडं नाव आणि चिन्ह एका गटाकडं गेलं, दुसऱ्याला नवं घ्यावं लागलं, आणि ज्याला पाडायला मत दिलं त्याच्याच शेजारी आपला माणूस शपथ घेताना टीव्हीवर बघावा लागला. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, हे बघून पोटात तुटलंच असणार. माझंही तुटलं.

पण मी झेडपीची शिक्षिका आहे, दर इलेक्शनला ड्युटी लागते, आणि मतदान केंद्रावर मी टेबलाच्या पलीकडं बसते. तिथून जे दिसतं ते घरी बसलेल्याला दिसत नाही, म्हणून दादाच्या 'काय फरक पडतो' ला माझं उत्तर वेगळं आहे.

तुम्ही आत आलात की पीओ वन, म्हणजे पहिला मतदान अधिकारी, तुमचा यादीतला नंबर आणि नाव मोठ्यानं वाचतो. का मोठ्यानं? कारण बाजूला उमेदवारांचे एजंट बसलेले असतात, त्यांच्याही हातात तीच यादी असते, ते तुमच्या नावापुढं टिक करतात. मग 17 ए च्या, म्हणजे आलेल्या मतदारांच्या रजिस्टरला सही, बोटाला शाई, मग मशीन. दुपारी तीनच्या सुमाराला एजंटाला पाठ असतं की कुठल्या गल्लीतलं कोण आलं आणि कुठली घरं अजून आलीच नाहीत, आणि थोड्या वेळात त्या गल्लीत कार्यकर्ते दारोदार फिरायला लागतात. निकालानंतर फॉर्म 20 निघतो, त्यात बूथनुसार कुणाला किती पडली ते सगळं छापलेलं असतं, कुणालाही बघता येतं. म्हणजे तुम्ही कुणाला मत दिलं हे गुप्त आहे, पण दिलं की नाही हे अजिबात गुप्त नाही. तुमची गल्ली, तुमची सोसायटी, तुमची वस्ती, सगळ्यांचा हिशोब नेत्याच्या ऑफिसात मांडलेला असतो.

7 मे 2024, लोकसभा, आमच्या सोलापूर जिल्ह्यातलंच एक केंद्र. शाळेच्या खोलीवर पत्रा, दुपारी आत भट्टी झालेली. एक आजी आल्या, वस्तीवरून चालत, डोक्यावर पदर, मतदानाची स्लिप चंचीत घडी करून ठेवलेली. बोटाला शाई लावायला घेतली तर बोट घामानं आणि धुळीनं इतकं माखलेलं की शाई ओघळायला लागली, मी माझ्या ओढणीनं पुसलं आणि परत लावली. त्या मशीनपाशी गेल्या, बीप वाजला तरी तिथून हलेनात, पुठ्ठ्याच्या आडून विचारलं, "बाय, पडलं का माझं?" म्हटलं पडलं आजी, या आता. बाहेर जाताना टेबलाला हात टेकून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वस्तीवर तेवीस मतं हायेत. टँकर मागाय गेलं की म्होरला आधी इचारतो, किती पडली तुमच्याकडची. सगळी पडली म्हणायला तोंड पायजे."

आजींनी कुणाला दिलं मला माहीत नाही, त्यांचा माणूस निवडून आला की पडला तेही माहीत नाही. पण तेवीसपैकी तेवीस हा आकडा त्या वस्तीची ताकद आहे.

आता दादाची सोसायटी बघा. वाघोलीकडं, सव्वातीनशे फ्लॅट. पाणी टँकरचंच, मेंटेनन्समधला मोठा भाग टँकरवाल्याला जातो. मागे मी विचारलं होतं तुमच्यातल्या किती जणांची नावं तिथल्या यादीत आहेत, तर कमिटीतल्या कुणालाच सांगता आलं नाही. अर्ध्यांची नावं गावाकडं, काहींची जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर, दादाचं स्वतःचं तर मागच्या वेळी यादीतून गायबच होतं आणि कुणी नीट उत्तर दिलं नाही, तिथूनच त्याचं मन उडालं. मग सांगा, सव्वातीनशे फ्लॅटचं पाणी आणि तेवीस मतांची वस्ती, पुढारी आधी कुणाचा फोन उचलेल?

आणि मत नसलं की काय होतं हे पुणेकरांनी भोगलंय की. 2021 ला वाघोलीसकट 23 गावं महापालिकेत घेतली, मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली, आणि पुढं जवळपास चार वर्षं प्रशासक. मुंबईतही मार्च 2022 पासून तेच, नवी मुंबईत तर 2020 पासून. टॅक्सचं बिल वेळेवर आलं पण ज्याच्या दारात जाऊन भांडावं तो नगरसेवकच नव्हता. त्या काळात दादाच मला फोनवर म्हणायचा, अगं तक्रार करायची तरी कुणाकडं. हेच तर सांगतेय मी दादा! ज्याला आपल्या मताची गरज नाही त्याच्याकडं तक्रार घेऊन जायचं म्हणजे काय असतं ते तुला माहितेय.

एका मतानं काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, 2024 ला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी खासदार झाले, साडेचार लाखांवर मतं दोघांनाही, फरक 48, एवढी तर एका बिल्डिंगमध्ये भरतील. त्याच मतदारसंघात नोटाला, म्हणजे 'यातलं कुणीच नको' या बटणाला, 15 हजारांवर मतं गेली. विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये 162, साकोलीत 208. आणि 2017 ला मुंबईत 220 नंबरच्या वॉर्डात दोघांना बरोब्बर 5946 मतं पडली, चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवला. पण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी फरक हजारोंचा असतो, तुमच्या एकट्याच्या मतानं तिथं कुणी पडणार नाही, उगाच कशाला खोटं सांगू. म्हणून मी आजींचा हिशोब आधी सांगितला. हरलेल्या माणसाला पडलेलं मत पण मोजलं जातं, आणि जिंकलेला ते रोज बघत असतो, कारण त्याला परत उभं राहायचं असतं.

लोक बदलत नाहीत, सगळं आधीच ठरलेलं असतं असं म्हणता ना? 4 जून 2024 ला याच महाराष्ट्रानं लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला दिल्या. 23 नोव्हेंबरला विधानसभेत त्याच महाराष्ट्रानं महायुतीला 230 आमदार दिले. सहा महिनेही झाले नव्हते. तुम्हाला यातला कुठला निकाल आवडला ते तुमचं तुम्ही बघा, पण दोन्ही वेळेला मोठमोठ्यांचे अंदाज चुकवले ते बाहेर पडलेल्या माणसांनी, घरी बसलेल्यांनी नाही.

मशीनवर भरवसा नाही असंही ग्रुपवर आलं होतं. मी माझ्या हातानं केलेलं तेवढं सांगते. सकाळी मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी एजंटांसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, व्हीव्हीपॅटमधून पडलेल्या चिठ्ठ्या मोजून मशीनशी जुळवायच्या, सगळं क्लिअर करून मग सील. संध्याकाळी 17 सी या फॉर्मवर एकूण मतं लिहून कॉपी प्रत्येक एजंटला. तरी शंका आहे? असू दे, शंका घ्यायचा हक्क आहे. मग एजंट म्हणून बसा, 17 सी ची कॉपी हातात घ्या, मोजणीला आकडा जुळवा. आमच्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावानं मशीनच्या आकड्यावर शंका घेऊन डिसेंबर 2024 मध्ये बॅलेट पेपरवर स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनानं घेऊ दिलं नाही, त्यावर दोन्हीकडून खूप बोललं गेलं. पण ते गाव चिडू शकलं कशामुळं? आधी मत दिलं होतं म्हणून, आपल्या गावातनं किती पडायला पाहिजे होती याचा त्यांच्याकडं हिशोब होता म्हणून. घरी बसलेल्याकडं चिडायला आकडाच नसतो.

कुणीच पसंत नसेल तर नोटा दाबा, तेही मोजलं जातं. आपल्याकडं 2018 पासून महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायचा नियम आहे. पण मतदानाला या.

दादा, काल रात्रीच मी तुझं नाव ऑनलाइन शोधलं, जुन्या पत्त्यावर पण नाहीये आणि नव्या पण नाही, म्हणजे आता नाव नोंदवायचा फॉर्म 6 नव्यानं भरावा लागेल. मावशीचं आहे, वाचून तिला सांग. बाकी ज्यांनी घर बदललंय त्यांना फॉर्म 8 भरायचा असतो, मोबाईलवरून होतो, पत्त्याचा एक पुरावा लागतो. अडलं तर इनबॉक्सला मेसेज करा, शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारनंतर मी फोनवर बसून भरून घेईन.